राहुल भेके

राहुल भेके (जन्म: ६ डिसेंबर १९९०, मुंबई) हा भारतीय व्यावसायिक फुटबॉलपटू असून तो बचावफळीत खेळतो. उजवी बगल आणि मध्यवर्ती बचाव या दोन्ही जागा त्याने क्लब व देश या दोन्ही स्तरांवर सांभाळल्या आहेत. बंगळूरू एफसी आणि मुंबई सिटी एफसी या दोन संघांकडून त्याने इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना जिंकला. मुंबईच्या विजयाच्या वेळी तो संघाचा कर्णधार होता. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबला मिळालेल्या पहिल्या विजयातील निर्णायक गोल त्याच्या नावावर आहे.

महाराष्ट्रात वाढलेल्या आणि दीर्घकाळ राष्ट्रीय संघात टिकलेल्या बचावपटूंची संख्या फार मोठी नाही. त्यामुळे भेकेची कारकीर्द ही एका खेळाडूच्या यशाची नोंद असली, तरी राज्यातील फुटबॉलच्या रचनेविषयीही ती बरेच काही सांगते. तो ज्या पायऱ्यांनी वर आला त्यांपैकी बहुतेक पायऱ्या आज अस्तित्वात नाहीत. याचा सर्वाधिक फटका मुंबईपेक्षाही कोल्हापूरला बसतो, कारण राज्यात फुटबॉलला सर्वांत निष्ठावान प्रेक्षकवर्ग त्या शहरात आहे. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय फुटबॉलवर ओढवलेल्या संकटाच्या पार्श्वभूमीवर हा प्रश्न अधिक ठळक झाला आहे.

सुरुवातीची वर्षे

भेके आय-लीगमध्ये प्रथम मुंबई एफसी या संघाकडून खेळला. २००७ मध्ये स्थापन झालेला आणि कूपरेज मैदानाशी जोडला गेलेला हा संघ मोठ्या अंदाजपत्रकाचा नव्हता. विजेतेपदाच्या शर्यतीत तो क्वचितच असे. पदावनती टाळणे हेच बहुधा त्याचे उद्दिष्ट असे. प्रशिक्षक खालिद जमील यांनी या संघाला शिस्तबद्ध बचावाची सवय लावली होती. चेंडू आपल्याकडे नसताना अकरा खेळाडूंनी कोणत्या अंतरावर उभे राहायचे, हा त्यांच्या प्रशिक्षणाचा गाभा होता. बचावपटूच्या दृष्टीने अशा संघात खेळणे हे उत्तम शिक्षण ठरते. सामन्यातील बराच वेळ त्याच्यावरच दडपण असते. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा मुंबई एफसीतील त्यांचा हा जुना शिष्य चौतिसाव्या वर्षीही राष्ट्रीय संघाच्या विचारात होता.

२०१४ मध्ये भेके कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेला आणि २०१७ पर्यंत तेथे राहिला. त्या काळात आयएसएल वर्षाच्या अखेरच्या तीन महिन्यांत आणि आय-लीग त्यानंतर खेळवली जात असे. आय-लीगमधील खेळाडू उसनवारीवर आयएसएल संघांत जात. २०१५ मध्ये भेके केरळ ब्लास्टर्सकडून आणि २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीकडून खेळला. केरळचा तो हंगाम तळाच्या स्थानावर संपला. तरीही एका वर्षात दोन स्पर्धा, दोन प्रशिक्षक आणि दोन वेगळ्या पद्धतींचा खेळ वाट्याला येणे हे पंचविशीतील खेळाडूसाठी उपयुक्तच होते. ही दुहेरी व्यवस्था गैरसोयीची आणि तात्पुरती होती, तिच्यावर टीकाही झाली. परंतु तिच्यामुळे भारतीय खेळाडूंच्या एका पिढीला वर्षभर स्पर्धात्मक सामने मिळाले, ही वस्तुस्थिती आहे. २०१७-१८ पासून दोन्ही स्पर्धा एकाच वेळी होऊ लागल्या आणि खेळाडूंना एकच बाजू निवडावी लागली.

बंगळूरू एफसी (२०१७ ते २०२१)

आय-लीग सोडून आयएसएलमध्ये आलेल्या बंगळूरू एफसीने २०१७ मध्ये भेकेला करारबद्ध केले. त्याच्या कारकिर्दीला खरे वळण येथे मिळाले. स्पेनच्या हुआनानसारख्या अनुभवी मध्यवर्ती बचावपटूच्या शेजारी तो प्रामुख्याने उजव्या बाजूला खेळला. पहिल्याच हंगामात संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. मात्र १७ मार्च २०१८ रोजी स्वतःच्या मैदानावर चेन्नईयिनकडून २-३ असा पराभूत झाला. पुढच्याच महिन्यात, २० एप्रिल रोजी, भुवनेश्वर येथील सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात बंगळूरूसमोर ईस्ट बंगाल होता. ईस्ट बंगालने आघाडी घेतल्यानंतर मध्यंतरापूर्वी भेकेने आपल्या जुन्या क्लबविरुद्ध बरोबरीचा गोल केला आणि बंगळूरूने सामना ४-१ असा जिंकला.

१७ मार्च २०१९ रोजी आयएसएलचा अंतिम सामना मुंबईत, अंधेरीच्या मुंबई फुटबॉल एरिनामध्ये झाला. प्रतिस्पर्धी एफसी गोवा होता. निर्धारित वेळेत एकही गोल झाला नाही. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहूला बाहेर जावे लागले, आणि पेनल्टी शूटआउट अटळ वाटत असताना ११७ व्या मिनिटाला दिमास देल्गादोच्या कॉर्नरवर भेकेने हेडरने गोल केला. बंगळूरूचे हे पहिले आयएसएल विजेतेपद. मुंबईत जन्मलेल्या खेळाडूने मुंबईच्याच मैदानावर, पण दुसऱ्या शहराच्या संघासाठी तो गोल केला, ही बाब त्या वेळी योगायोग म्हणून नोंदली गेली. राज्यातील क्लबांची तेव्हाची स्थिती पाहता तिला केवळ योगायोग म्हणणे अवघड आहे.

मुंबई सिटी एफसी (२०२१ ते २०२४)

२०२१ मध्ये भेके मुंबई सिटीत आला. याच हंगामापासून आयएसएलमध्ये एका वेळी मैदानावर असणाऱ्या परदेशी खेळाडूंची मर्यादा पाचवरून चारवर आली. हा नियम भारतीय बचावपटूंच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. तोपर्यंत बहुतेक संघ परदेशी खेळाडूंसाठी राखलेल्या जागांपैकी एक-दोन जागा मध्यवर्ती बचावासाठी वापरत आणि भारतीय बचावपटूंना बगलेवर ढकलले जाई. राष्ट्रीय संघाला मात्र मध्यवर्ती जोडीच हवी असे. क्लबमध्ये उजव्या बाजूला आणि देशासाठी मध्यभागी अशी दुहेरी भूमिका भेकेला दीर्घकाळ निभवावी लागली, ती या विसंगतीमुळे. मुंबईत मुर्तदा फॉल, नंतर रोस्टिन ग्रिफिथ्स आणि तिरी यांच्यासोबत तो मध्यभागी अधिक स्थिरावला.

११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत मुंबईची गाठ इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाशी पडली. उत्तरार्धात पिछाडीवर पडल्यानंतर दिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि काही मिनिटांतच जाहूच्या कॉर्नरवर भेकेच्या हेडरने २-१ असा विजय निश्चित केला. त्याआधीच्या वर्षी एफसी गोवाने या स्पर्धेत बरोबरीचे सामने खेळले होते, परंतु विजय कोणत्याही भारतीय क्लबला मिळाला नव्हता. डेस बकिंगहॅम यांच्या मार्गदर्शनाखालील मुंबईने सहा सामन्यांत सात गुण मिळवून गटात दुसरे स्थान घेतले.

२०२२-२३ मध्ये मुंबईने साखळी फेरीत अव्वल राहून लीग शील्ड जिंकली. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, मोहन बागानच्या पाठीराख्यांनी भरलेल्या प्रेक्षागारासमोर, मुंबईने अंतिम सामना ३-१ असा जिंकला. त्या संघाचा कर्णधार भेके होता. त्यानंतर तो पुन्हा बंगळूरू एफसीकडे गेला. १२ एप्रिल २०२५ रोजी बंगळूरूला अंतिम सामन्यात मोहन बागानकडून जादा वेळेत १-२ अशी हार पत्करावी लागली.

राष्ट्रीय संघ

राष्ट्रीय संघात भेके उशिरा आला. ५ जून २०१९ रोजी थायलंडमधील किंग्ज चषकात कुरासावविरुद्ध त्याने पदार्पण केले तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. इगोर स्टिमॅच यांचा भारताचे प्रशिक्षक म्हणून तो पहिलाच सामना. भारत ३-१ असा हरला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला दोहा येथे आशियाई विजेत्या कतारला भारताने गोलशून्य बरोबरीत रोखले. गेल्या दशकातील भारताच्या सर्वांत शिस्तबद्ध बचावात्मक कामगिरींमध्ये या सामन्याची गणना करावी लागेल.

याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आणि याच शहरात भेकेच्या वाट्याला कारकिर्दीतील सर्वांत कठीण संध्याकाळही आली. ३ जून २०२१ रोजी विश्वचषक पात्रता सामन्यात सतराव्या मिनिटालाच दोन पिवळी कार्डे मिळून तो बाहेर गेला. भारताने उरलेला सामना दहा खेळाडूंनिशी खेळला आणि गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूच्या कामगिरीमुळे पराभव ०-१ इतकाच राहिला. बचावपटूची एक चूक संघाला किती महाग पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. तरीही तो संघाबाहेर फेकला गेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये कतारमध्येच झालेल्या आशियाई चषकात संदेश झिंगनसोबत तो मध्यवर्ती बचावात होता. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सिरिया यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने भारताने गमावले आणि एकही गोल केला नाही.

१९ मार्च २०२५ रोजी शिलाँग येथे मालदीवविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात भेकेने कॉर्नरवर हेडरने गोल केला. चौतिसाव्या वर्षी त्याचा हा पहिला आंतरराष्ट्रीय गोल होता. निवृत्ती मागे घेऊन परतलेल्या सुनील छेत्रीमुळे त्या सामन्याची चर्चा झाली. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला हरवल्यानंतर भारताचा तो पहिलाच विजय होता, हे अधिक चिंताजनक होते. पुढे बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर यांच्या गटातून भारत २०२७ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरू शकला नाही.

सुपर चषक, आयएसएल, चॅम्पियन्स लीग आणि शिलाँग या चारही प्रसंगी भेकेचे नाव गोलमुळे लक्षात राहिले, आणि त्यांतील शेवटचे तीन गोल कॉर्नरवरील हेडरने झाले. बचावपटूचे रोजचे काम आकडेवारीत दिसत नाही. प्रतिस्पर्ध्याला मध्ये न येऊ देता रेषेकडे ढकलणे, बाहेर पडलेल्या सहकाऱ्याची जागा भरणे, उडी मारण्याआधी अर्धे पाऊल पुढे असणे, या गोष्टी तो वर्षानुवर्षे करत राहिला म्हणूनच कॉर्नरच्या वेळी तो योग्य जागी पोहोचत असे. वेग ही त्याची जमेची बाजू कधीच नव्हती. उशिरा आलेला आणि उशिरापर्यंत टिकलेला खेळाडू असे त्याचे वर्णन यथार्थ ठरेल.

महाराष्ट्रातील क्लबांचा ऱ्हास

उशिरा फुलणाऱ्या खेळाडूला वाट पाहण्यासाठी जागा लागते. भेकेला ती मुंबई एफसीत मिळाली. २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये तळाला राहून पदावनत झाल्यावर तो संघ बंद पडला. १९६२ पासून खेळणारा आणि २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्रा युनायटेड २०१० मध्येच विसर्जित झाला होता. नोकरीची हमी देणारा एअर इंडियाचा संघ २०१२-१३ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये गेला, तर एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबाद एफसीने घेतली. मुंबई केंकरे आय-लीगमध्ये आला, पण दोन हंगामांत खाली गेला.

प्रत्येक संघ बंद पडण्याची कारणे निराळी होती: मालक कंपनीचे धोरण, आर्थिक अडचण, मैदानाचा अभाव, आयएसएलच्या आगमनानंतर आय-लीगचे घटलेले महत्त्व. परिणाम मात्र एकच झाला. एका दशकात अर्ध्या डझनाहून अधिक संघ गेले आणि देशातील सर्वोच्च स्तरावर महाराष्ट्राचा एकच क्लब उरला. त्या क्लबला देशभरातून तयार खेळाडू विकत घेणे परवडते. वीस-बावीस वर्षांच्या स्थानिक बचावपटूला चुका करू देत तीन हंगाम खेळवणे त्याच्या हिशेबात बसत नाही. मध्यम दर्जाचा क्लब नेमके तेच काम करत असे.

कोल्हापूरची स्थिती

या पोकळीचा अर्थ कोल्हापुरात सर्वांत स्पष्टपणे समजतो. तेथील फुटबॉल संस्थानकाळातील राजाश्रयातून आणि पेठांतील तालमींतून वाढला. कुस्तीच्या आखाड्यांनीच पुढे फुटबॉल संघ उभे केले, म्हणून पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावे आजही कायम आहेत. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी यांसारखे संघ आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) देखरेखीखाली शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटाची लीग आणि त्यानंतर सतेज चषक, चंद्रकांत चषक यांसारख्या स्पर्धा होतात. पाटाकडील आणि दिलबहार यांच्यातील सामन्याला मिळणारी गर्दी राज्यातील अन्य कोणत्याही स्थानिक सामन्याला मिळत नाही. विश्वचषकाच्या काळात ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या झेंड्यांनी भरणाऱ्या पेठा हे वृत्तपत्रांचे नेहमीचे छायाचित्र झाले आहे. वर्षभर चालणारी पेठेची ईर्षा त्याहून खरी आहे.

ही ईर्षा शक्तिस्थान आहे, तशीच मर्यादाही. संघ पेठेचा असल्यामुळे हरणे सहन होत नाही. मर्यादित संख्येत परदेशी आणि परप्रांतीय खेळाडू आणण्याची प्रथा त्यातून रुजली. त्यांच्या येण्याने खेळाचा दर्जा आणि प्रेक्षकसंख्या वाढली हे मान्य करावे लागेल. पण आयएसएलमध्ये जे घडत होते तेच येथे लहान प्रमाणावर घडले आणि कण्याच्या जागा बाहेरून भरल्या जाऊ लागल्या. काही सामन्यांत हुल्लडबाजीमुळे पोलिसांना हस्तक्षेप करावा लागला आणि स्पर्धांवर निर्बंधांची चर्चा झाली. तालमीच्या संघात नाव कमावलेल्या खेळाडूला शहरात मान असतो. शहराबाहेर त्याची नोंद घेणारी यंत्रणा नसते. त्यामुळे कोल्हापूरचा चांगला खेळाडू व्यावसायिक व्हायचा तर त्याला किशोरवयातच शहर सोडावे लागते.

अनिकेत जाधव (जन्म: १३ जुलै २०००) हे याचे प्रसिद्ध उदाहरण. बचावपटू नसून आघाडीचा आणि बगलेचा हा खेळाडू लहानपणीच पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तेथून पुणे एफसीची अकादमी आणि नंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची (एआयएफएफ) अकादमी असा त्याचा प्रवास झाला. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. इंडियन ॲरोज आणि जमशेदपूरनंतर तो हैदराबाद एफसीत होता. त्या संघाने २० मार्च २०२२ रोजी केरळ ब्लास्टर्सला शूटआउटमध्ये हरवून आयएसएल जिंकली. निखिल कदम हा मध्यरक्षकही कोल्हापूरहून पुण्यामार्गे मोहन बागानपर्यंत पोहोचला. दोघांच्या वाटेत पुणे एफसी हा समान दुवा आहे, आणि तो दुवा २०१५ मध्ये तुटला. त्यानंतर दहा-बारा वर्षांच्या असलेल्या कोल्हापुरी मुलांना तो मार्ग उपलब्धच नव्हता.

महिला फुटबॉलमध्ये चित्र थोडे वेगळे दिसले. एफसी कोल्हापूर सिटी हा संघ २०१९-२० च्या भारतीय महिला लीगच्या अंतिम फेरीत खेळला. म्हणजे शहराच्या नावाने, पेठेच्या पलीकडे जाऊन, राष्ट्रीय स्पर्धेत उतरणे अशक्य नाही. पुरुषांच्या आय-लीगमध्ये असा प्रयत्न टिकाऊ स्वरूपात झालेला नाही. त्यासाठी लागणारा परवाना, प्रकाशझोताची सोय असलेले मैदान, वयोगटांचे संघ आणि वर्षभराचा खर्च यांचा भार कोणतेही एक तालीम मंडळ उचलू शकत नाही. आणि मंडळांनी एकत्र येऊन एक संघ करावा, तर त्या संघावर कोणत्या पेठेने प्रेम करायचे, हा प्रश्न वरकरणी गमतीचा वाटला तरी व्यवहारात तोच अडसर आहे.

२०२५-२६ चे संकट

एआयएफएफ आणि फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट यांच्यातील २०१० चा पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता. नूतनीकरण न झाल्याने जुलै २०२५ मध्ये आयएसएल स्थगित झाली. ऑगस्टमध्ये बंगळूरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडू व कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवले. चौदा हंगामांचा अनुभव असो वा चार महिन्यांचा, सर्वांवर सारखीच वेळ आली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये महासंघाच्या घटनेला मान्यता दिली, परंतु व्यावसायिक हक्कांच्या निविदेला नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही. डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतले. अखेर ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडवीय यांनी लीग १४ फेब्रुवारीपासून, चौदा संघ आणि एकेरी साखळीत ९१ सामने अशा स्वरूपात होईल, असे जाहीर केले.

याचा अर्थ प्रत्येक संघाला साखळीत तेरा सामने. २०२४-२५ मध्ये हीच संख्या चोवीस होती. कमी सामन्यांच्या हंगामात प्रशिक्षक धोका पत्करत नाहीत. अननुभवी मध्यवर्ती बचावपटूपेक्षा पस्तिशीतला भेके त्यांना अधिक विश्वासार्ह वाटणे स्वाभाविक आहे. अनुभवी खेळाडूची कारकीर्द यामुळे एखाद्या वर्षाने लांबेल, पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाविशीतील खेळाडूचे एक वर्ष जाईल.

याच काळात राज्य शासनाने ‘प्रोजेक्ट महादेवा’ ही योजना सुरू केली. १४ डिसेंबर २०२५ रोजी वानखेडे स्टेडियमवर लिओनेल मेस्सीच्या उपस्थितीत तिचा गाजावाजा झाला. तेरा वर्षांखालील मुला-मुलींची निवड करून त्यांना शिष्यवृत्ती व प्रशिक्षण देण्याचा तिचा उद्देश आहे. तळाच्या पायरीवर शासनाने खर्च करणे स्वागतार्हच आहे. निवड झालेली मुले अठरा वर्षांची होतील तेव्हा साधारण २०३० उजाडलेले असेल. त्या वयात त्यांना सामन्यामागून सामना खेळवील असा मुंबई एफसी किंवा पुणे एफसीच्या तोलाचा क्लब सध्या राज्यात नाही, आणि शाहू स्टेडियमवरचा प्रेक्षक आजही आपल्या पेठेचाच संघ पाहायला येतो.